पोलादाचें पाणी

पिंपरी-चिंचवड हें नांव उच्चारतांच मोटारगाडी डोळ्यांपुढें उभी राहते. टाटांनीं १९८८ सालीं 'टाटामोबाइल' ही पिकअप बाजारांत आणली. तिचें वय आतां पस्तिशी ओलांडून गेलें आहे. अशी एखादी जुनी पिकअप हौसेनें विकत घेणारा तरुण ती रंगवून, झळाळून घेतो, आणि मग त्याच्या मनांत येतें कीं, ही गाडी थोडी बुटकी, जमिनीला लगटून चालणारी असावी. ही हौस मूळची अमेरिकेंतली. शेव्हरोले कंपनीच्या १९६३ ते १९७२ या काळांतील सी-१० पिकअपच्या पुढच्या चाकांना मळसूत्री स्प्रिंगा होत्या, आणि त्या गाड्या बुटक्या करण्याचा छंद तिकडे आजहि आहे. येथेंहि गॅरेजांत सल्ला मिळतो, "स्प्रिंगचा एक वेढा कापा, काम झालें!" सल्ला अर्धाच खरा आहे, आणि धोका उरलेल्या अर्ध्यांत आहे.

आधीं गाडीखालीं वांकून पाहावें. साऱ्याच पिकअपना पुढें मळसूत्री स्प्रिंग नसते. कांहींना पीळ घेणारी पोलादी दांडी असते, आणि मागें तर बहुधा पाटेच असतात. स्प्रिंग असेल तरच वेढ्याचा प्रश्न येतो.

स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणांत ती विरोध करते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. समजा, स्प्रिंगला आठ वेढे आहेत, ती मोकळी असतां ४०० मिलिमीटर लांब आहे, आणि ५०० किलोच्या भारानें १०० मिलिमीटर दबते. म्हणजे भाराखालीं तिची उंची ३०० मिलिमीटर उरते. एक वेढा कापला तर मोकळी लांबी ३५० होईल. मात्र उरलेले सात वेढे तोच भार घेऊन केवळ ८७॥ मिलिमीटर दबतील, कारण वेढे कमी झाले कीं स्प्रिंग ताठ होते. उंची २६२॥ राहील. गाडी ३७॥ मिलिमीटर खालीं आली असें वाटेल; परंतु स्प्रिंग चाकापासून आंत, आडव्या भुजेवर बसलेली असल्यामुळें चाकापाशीं हा फरक त्याहूनहि अधिक पडतो. म्हणूनच जाणता कारागीर एकदम पूर्ण वेढा कापीत नाहीं; अर्धा कापतो, गाडी उभी करून मोजतो, आणि मग पुढचा विचार करतो.

आतां कापण्याच्या रीतीविषयीं. लोहार पोलादाला 'पाणी देतो'. स्प्रिंगचें पोलादहि तापवून, तेलांत विझवून, पुन्हां बेताच्या उष्णतेवर शेकून लवचिक केलेलें असतें. गॅसच्या ज्योतीनें तें लाल केलें कीं हें पाणी उतरतें, आणि तेथेंच पुढें स्प्रिंग बसकण घेते वा मोडते. वेढे तापवून गाडी खालीं बसविणें तर निव्वळ आत्मघात. थंड कापणाऱ्या चकतीनें, पाणी शिंपडीत, हळूहळू कापणें हीच त्यांतली बरी रीत.

दुसरा धोका स्प्रिंग काढतांना. वरील उदाहरणांतल्या दबलेल्या स्प्रिंगमध्यें, २५ किलोचें पोतें एक मीटर उंचीवरून पडावें तितकी शक्ति कोंडलेली असते. योग्य शिकंजा न लावतां ती सुटली, तर हात जाण्यास एक क्षण पुरे. तिसरा धोका रस्त्यावरचा. आखूड स्प्रिंग चाक लोंबलें कीं आपल्या बैठकींतून निसटूं शकते. चाकाला वर जाण्यास जागा थोडी उरते, आणि चाकण-तळेगांव रस्त्यावर मालाच्या ट्रकांमागून जातांना एखाद्या खड्ड्यांत गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आपटते. चाकांचा कोन बदलतो, टायर एका कडेनें झिजतात, दिव्यांचा झोत खालीं पडतो.

यावर उत्तम उपाय म्हणजे कापण्याऐवजीं हव्या त्या उंचीची व ताठपणाची नवी स्प्रिंग वळवून घेणें, आणि तिच्या जोडीला आखूड शॉक अॅब्सॉर्बर बसविणें. दोन्हीं बाजू सारख्या हव्यात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीच्या दाखल्याशीं विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं, म्हणून एम. एच. १४ ही पाटी देणाऱ्या कार्यालयांत आधीं विचारणें शहाणपणाचें.

पुण्यांत १९६६ पासून वाहन-संशोधनाची संस्था आहे. गाडी रस्त्यावर येण्यापूर्वीं तिची कसून परीक्षा व्हावी, म्हणून अशा संस्था लागतात. ती परीक्षा ज्या स्प्रिंगची झाली, तिचा वेढा कापतांच मालक स्वतःच परीक्षक होतो. मग निदान मोजपट्टी आणि धीर हीं दोन हत्यारें त्याच्यापाशीं असावींत. हौस मोठी खरी. परंतु त्या गाडींत घरचींच माणसें बसणार असतात.