वेशीबाहेरची थडगी

इटली देशाची राजधानी रोम. या शहराच्या वेशीतून एक फार जुना रस्ता निघतो. त्याला आप्पिया रस्ता म्हणतात. आप्पियस क्लॉडियस नावाच्या अधिकाऱ्याने तो इसवी सनापूर्वी ३१२ साली बांधायला घेतला. म्हणजे तेवीसशे वर्षं उलटून गेली. आम्ही त्या रस्त्याने पायी चाललो.

चालताना पाय जपून टाकावा लागतो. काळे, मोठाले दगड एकमेकांना भिडवून बसवलेले आहेत. आता ते वरखाली झालेत. आपल्याकडे चिखलात गाडीची चाकोरी पडते ना? तिथं ती दगडात पडली आहे!

रस्त्याच्या दोन्ही अंगांना थडगी आहेत. रोमचा जुना कायदा असा होता, की मेलेल्या माणसाला शहरात पुरायचे नाही आणि जाळायचेही नाही. मग लोक वेशीबाहेर गेले. पैसेवाल्यांनी रहदारीच्या रस्त्यालगत जागा धरली. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबावे, नाव वाचावे, हा हेतू. वाटसरूने थांबून वाचावे, असा मजकूरच रोमन लोक थडग्यांवर पुष्कळदा कोरीत. पुढच्या काळात लोकांनी इथला संगमरवर काढून नेला, भट्टीत भाजून त्याचा चुना केला. म्हणून आज बरीच थडगी नुसती विटामातीचे ढिगारे दिसतात.

एक मात्र टिकले. ते गोल आहे, आरपार जवळजवळ ३० मीटर. पुढे १३०० सालानंतर एका सरदार घराण्याने त्याची गढी केली, म्हणूनही ते वाचले असेल. ते सेसिलिया मेटेला या बाईचे. तिच्याविषयी दगडावर काय लिहिलंय? अमक्याची मुलगी आणि क्रॅससची बायको. बस्स! बाई कशी होती, ते नाही.

हा क्रॅसस म्हणजे बड्या क्रॅससचा मुलगा, असे जाणकार मानतात. त्या बड्या क्रॅससचीही याच रस्त्यावर एक खूण होती. स्पार्टाकस नावाच्या गुलामाने इसवी सनापूर्वी ७३ साली बंड उभारले. हजारो गुलाम त्याला मिळाले. दोन वर्षांनी क्रॅससने बंड मोडले. हाती लागलेल्या सहा हजार माणसांना त्याने कापुआ गावापासून रोमपर्यंत रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवले. अंतर सुमारे २०० किलोमीटर. हिशेब करा, दर तीस-पस्तीस मीटरला एक माणूस. त्यांच्या नावाचा एकही दगड इथे नाही. सून मात्र गढीएवढ्या थडग्यात!

सगळ्याच गुलामांची गत अशी झाली नाही. काहींना धनी मोकळे करीत. पुढे गेल्यावर अशांचे एक थडगे लागते. दगडात तीन चेहरे कोरले आहेत. त्यांतले दोघे पूर्वी गुलाम होते, हर्मोडोरस हा पुरुष आणि डेमारिस ही बाई. सुटका झाली की गुलाम धन्याचे नाव लावी. म्हणून दोघांच्या नावात धन्याचे राबिरियस घराणे आहे आणि शेवटी आपले स्वतःचे नाव. मूळ दगड आता रोमच्या संग्रहालयात ठेवलाय, रस्त्यावर आहे ती त्याची नक्कल. चेहरे साधे आहेत, बाजारच्या दिवशी भेटणाऱ्या माणसांसारखे. ते सरळ रस्त्याकडे बघत आहेत.