निवासी डॉक्टरची झोप हा रुग्णाचा प्रश्न आहे

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री आपल्याला भेटतो तो बहुधा एमडीचे शिक्षण घेणारा निवासी डॉक्टर. रात्रभर रुग्ण दाखल करायचे, सकाळी राउंड, मग ओपीडी. तीन वर्षे हेच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी चालू सिस्टिमला हात लावू देत नाहीत. इथे तर सलाइन, इन्सुलिन, डोस यांचा हिशेब असतो.

२००४ मध्ये बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागातल्या इंटर्नच्या सलग २४ तासांहून लांब ड्युट्या बंद केल्या. जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्के जास्त होत्या, असे दिसले. आपल्याकडे केंद्र सरकारने १९९२ मध्येच निर्देश दिले होते: आठवड्याला साधारण ४८ तास, सलग १२ तासांहून जास्त नाही. निर्देश कागदावरच राहिले.

खासगी रुग्णालय ज्याला परवडत नाही, तोच याची किंमत मोजतो. म्हणून डॉक्टर तुसडेपणाने बोलला तर त्याच्यावर हात उगारू नका. आमदाराला विचारा: या वॉर्डात डॉक्टरांची किती पदे रिकामी आहेत? ड्युटीचा तक्ता भिंतीवर का लावत नाहीत?