दुष्काळ-निवारणाचें माप
(उमरी येथें देणगीदारांच्या सभेंत केलेलें भाषण)



समितीचा जमाखर्च आपल्या हातीं दिलाच आहे. किती पोतीं ज्वारी वांटली, किती पेंढ्या कडबा दिला, किती विहिरींचा गाळ काढला, हें त्यांत रकान्यारकान्यानें लिहिलेलें आहे. परंतु मोंढ्यांतील एका वडीलधाऱ्या शेठजींनीं मागील बैठकींत जो प्रश्न विचारला, त्याचें उत्तर त्या रकान्यांत नाहीं. ते म्हणाले, "वकीलसाहेब, माल गेला तें कळलें, पदरांत काय पडलें तें सांगा." प्रश्न रास्त आहे. ज्या उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजीं मुक्तिसंग्रामासाठीं लुटली गेली, त्या गांवास पैशाचें पुढें काय झालें हें विचारण्याची संवय असावी, यांत नवल नाहीं!

अडचण अशी आहे. न्यायालयांत वादीस जें घडलें तें शाबीत करावें लागतें. आम्हांस जें घडलें नाहीं तें शाबीत करावयाचें आहे : जो बैल बाजारांत विकला गेला नाहीं, जें कुटुंब गांव सोडून गेलें नाहीं, जी मुलगी शाळेंतून निघाली नाहीं. अशा साक्षीदारास पिंजऱ्यांत उभें कसें करावें?

सोपा मार्ग म्हणजे डोकीं मोजणें. पण डोकीं मोजून किती फसगत होते याचा दाखला इतिहासांत आहे. १८७६-७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें दुष्काळी कामावरील मजुरी एक रत्तल धान्य व वर एक आणा इतकी खालीं आणली. मुंबई इलाख्यांत हजारों लोक कामें सोडून निघून गेले. कामावरचा आंकडा उतरला. आणि आंकडा उतरला म्हणजे गरज उतरली, असा अर्थ काढणें सरकारी बाजूस सोईचें होतें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें, ठिकठिकाणांहून हकीकती मागवून त्या सरकारपुढें मांडल्या. खरें माप मात्र १८८१ च्या खानेसुमारींत उमटलें : सोलापूर व कलादगी या जिल्ह्यांची लोकसंख्या १८७२ पेक्षां कमी भरली. इकडील मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. पण भूक सरहद्द पाळीत नाहीं.

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकीं वृद्धांस आठवतो. सुकडी आणि मिलो हीं नांवें अजून तोंडीं आहेत. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रांत जवळजवळ ५० लक्ष माणसें दुष्काळी कामावर होतीं. त्या कामाची परीक्षा कशी करावी? फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक ठिकाणीं रस्त्यावांचून पडून राहिले. रस्त्याच्या मापानें पाहतां तें काम फुकट गेलें. परंतु एवढ्या भयंकर टंचाईंत पूर्वींच्यासारखे भूकबळी पडले नाहींत. त्या मापानें पाहतां तें काम थोर होतें. वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला, तो या अनुभवानंतर. सारांश, काम कशासाठीं केलें हें आधीं ठरल्याशिवाय गज हातांत घेऊन उपयोग नाहीं.

आतां अलीकडचें. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून लातुरास पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारें पांच लक्ष लिटर पाणी. छायाचित्रें देशभर छापलीं गेलीं. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें शहराची वस्ती ३ लक्ष ८२ हजार; म्हणजे माणशीं सव्वा लिटरच्या आसपास, एक तांब्याभर! पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या तरी माणशीं साडेसहा लिटर. तेव्हां ही सारी खटपट देखावा होती काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नळास महिना महिना पाणी नसलेल्या शहरांत लोकांस धीर आला, तो लिटरनें मोजतां येत नाहीं. मात्र धीर आला एवढ्यावरून तहान भागली असें लिहिणारा अहवाल आम्ही सही करणार नाहीं.

डिसेंबर २०१४ मध्यें सरकारनें सुरू केलेल्या जलयुक्त शिवार अभियानाचें तसेंच. सुमारें ९,६०० कोटि रुपये खर्च झाल्यावर महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालानें म्हटलें कीं, भूजल वाढविण्यांत त्याचा परिणाम अल्पच दिसला. योजनेच्या कर्त्यांनीं तो निष्कर्ष मान्य केला नाहीं. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. परंतु किती घनमीटर पाणी मावेल एवढा खड्डा खोदला हें एक, त्यांत पाणी किती आलें हें दुसरें, आणि तें कोणाच्या शेतांत गेलें हें तिसरें. चांगला पाऊस पडला तर प्रत्येक समिति यशस्वी, न पडला तर प्रत्येक समिति अपेशी. वरुणराजा सर्वांत मोठा देणगीदार असून तो पावती मागत नाहीं, म्हणून त्याची देणगी आपल्या नांवें मांडण्याचा मोह होतो.

आणि कागदावर कोण येतो हेंही पाहिलें पाहिजे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरास मदत मिळण्यापूर्वीं तें प्रकरण 'पात्र' कीं 'अपात्र' हें सरकार ठरवितें. आमच्या धंद्यांत सातबारा व वारसनोंद रोज पाहण्यांत येते. बटाईनें कसणारा, किंवा जिचें नांव उताऱ्यावर कधीं लागलेंच नाहीं अशी बाई, या मापांत सहसा येत नाहीं. आमची वांटपाची यादीही प्रथम उताऱ्यांवरून झाली असती. ती समितीनें घरोघर जाऊन केली, हें आम्हांस या अहवालांतील सर्वांत महत्त्वाचें कलम वाटतें.

मग शेठजींच्या प्रश्नाचें काय? त्याचें उत्तर पुष्कळसें आपल्याच वह्यांत आहे. बाजारांत बैल किती आले व काय भावानें गेले, गहाण पडलेले दागिने किती सुटले, पेरणीचें बियाणें उधार किती गेलें, हें आपणांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. ऊसतोडीची उचल घेऊन किती जोड्या गेल्या हें मुकादमांस व गांवास ठाऊक असतें. नांवें नकोत, गांववार आंकडा पुरे. आणि जेथें निधीअभावीं आम्ही पोंचलों नाहीं, तेथेंही हेच आंकडे घ्यावे लागतील, नाहींतर तुलना कशाशीं करावी? तुलनेसाठीं एखादें गांव मुद्दाम उपाशीं ठेवणें मात्र आम्हांस कदापि मान्य नाहीं.

मोजण्यावर खर्च होणारा पैसा भुकेल्याच्या तोंडचा जातो, असा आक्षेप आहे, व टंचाईच्या दिवसांत तो खरा आहे. म्हणून हें काम मार्गशीर्षांत, सुगी घरांत आल्यावर करावें, आणि त्यासाठीं स्वतंत्र वर्गणी असावी, अशी आमची सूचना आहे. त्याचीं पत्रकें दाराशीं मांडलीं आहेत. धान्यफंडाचीं पत्रकें निराळीं आहेत. तीं आधीं भरावीं. आंकड्यांसाठीं समितीचे कार्यकर्ते येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशीं मोंढ्यांत प्रत्येक दुकानीं येतील. मागील तीन सालच्या वह्या काढून ठेवाव्या.