घरमालक होण्यापूर्वी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठावर धर्म, इतिहास आणि राजकारण हेच विषय शोभतात अशी आपली समजूत आहे. माझा आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. तो म्हणजे घरभाडे. शिक्षक निवृत्त होतो, निधीची रक्कम हाती येते, आणि मनात येते की दोन खोल्या बांधाव्या, भाड्याने द्याव्या, म्हणजे म्हातारपणी कोणापुढे हात पसरावयास नको. विचार वाईट नाही. परंतु जन्माची पुंजी ज्या एका व्यवहारात घालावयाची, त्याचा हिशेब आपण लग्नातल्या आहेराइतकाही काळजीने करीत नाही.

तो हिशेब आधी करू. समजा, दहा लाखांत घर उभे राहिले आणि भाडे महिना पाच हजार ठरले. वर्षाचे साठ हजार, असे आपण बोटांवर मोजतो. पण एक बिऱ्हाड गेले आणि दुसरे येईपर्यंत महिना रिकामा जातो. राहिले पंचावन्न हजार. त्यातून पालिकेचा कर, रंगसफेदी, नळ, मोटार आणि गच्चीची गळती यांसाठी पंधरा हजार बाजूला काढा. उरले चाळीस हजार, म्हणजे शेकडा चार. आता हेच दहा लाख शेकडा नऊने कर्जाऊ काढले असतील, तर व्याजच नव्वद हजार होते. तेव्हा ज्याने सगळे घर कर्जावर उभारले, तो भाडेकरूच्या जिवावर जगत नाही, उलट पदरचे घालतो. प्राप्तिकरात पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते, हा दिलासा आहे. पण त्याने तोट्याचा फायदा होत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ ठेवला तर भिंती तडकतात. गोदाकाठच्या गावात पुराचे पाणी कोठवर चढले होते, हे शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारल्यावाचून भूखंड घेऊ नये. आणि बिऱ्हाड शोधणारी बाई आधी खोल्या पाहत नाही. चैत्र-वैशाखात पाणी येते का, हे विचारते. कागदही नीट पाहावे. सातबारा, फेरफार, अकृषिक परवानगी, बांधकाम परवानगी आणि दुय्यम निबंधकाकडील मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध, एवढे तरी हवेच. मराठवाड्यात निजामी अमलापासूनच्या मदतमाश, खिदमतमाश अशा इनामी जमिनी आहेत. भोगवटादार वर्ग दोनची किंवा देवस्थानाची जमीन परवानगीवाचून घेतली, तर पैसा जातो आणि घरही जाते.

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहावे, हा हेतू योग्यच होता. पण महागाई वाढत गेली आणि भाडे तेथेच राहिले. मालकांनी दुरुस्ती सोडली, चाळी मोडकळीस आल्या, पागडी बोकाळली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी आता वाजवी उरली नसल्याचे म्हटले. आपल्याकडे तेव्हा १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा होता. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा यांचे वेगवेगळे कायदे जाऊन एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून आला.

त्यातील तीन कलमे नव्या मालकाने मनात ठेवावी. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही बाजारगप्प आपल्याकडे खोटी आहे. नोंदणी केली नाही, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी परवान्याने दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. कलम २९ मालकाला आवरते: भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडता येत नाही. भांडण कितीही होवो, नळाची चावी हे हत्यार नव्हे.

कायदा येथे संपतो, आणि खरी परीक्षा येथून पुढे आहे. दारावर ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागते. बदलून आलेला तरुण कारकून विचारावयास येतो. पगार ठीक, वागणे सभ्य. आपण भाडे सांगतो आणि मग हळूच आडनाव विचारतो. आडनाव ऐकले की जागा ‘कालच दिली’ असते. हे आपल्या गावांतून आजही घडते, आणि ते करारात कोठेही लिहिलेले नसते. भाडे देण्याची ऐपत, मागील मालकाचा अनुभव, नोकरीचा दाखला हे अवश्य पाहावे. पोलीस ठाण्यात माहितीही द्यावी. जात पाहून मात्र भाडे वेळेवर येत नाही.

हे जनाबाईचे गाव आहे. तिचे आयुष्य पंढरपुरात नामदेवांच्या घरी, परक्याच्या दळणकांडणात गेले. आज तिच्या नावाने आपण आपले गाव ओळखतो. दुसऱ्याच्या छपराखाली राहणारा माणूस कमी दर्जाचा नसतो, एवढे या गावाला तरी सांगावे लागू नये. घर बांधणाऱ्याने हिशेब पक्का करावा, कागद पक्का करावा, अनामत ठरल्याप्रमाणे परत करावी, आणि दार माणूस पाहून उघडावे. भाडे ही घराची कमाई खरी, पण मालकाची अब्रू गेलेला भाडेकरू त्याच्याविषयी काय सांगतो त्यावर ठरते.