स्मृतिचषक आणि सोळा वर्षांची मुले

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



सातारा जिल्ह्यातील वा कोकणातील जुन्या गावांतून हिंडताना कधी चावडीच्या भिंतीत, कधी वेशीपाशी बसवलेली एक लहानशी दगडी पाटी दृष्टीस पडते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. नावे नाहीत, केवळ आकडे. त्या युद्धात सुमारे ७४ हजार भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. पाटीच्या समोरच्या अंगणात मुले क्रिकेट खेळत असतात आणि पाटीकडे कुणाचेही लक्ष नसते. मी त्या मुलांना दोष देत नाही. पाटी परक्या सरकारने बसवली होती आणि आकड्यांशी कुणाचे नाते जुळत नाही.

त्याच युद्धात साठ हजारांहून अधिक तरुण गमावलेल्या कॅनडा या देशाने स्मरणाचा निराळा मार्ग शोधला. त्यांनी मुलांच्या खेळण्याच्या जागीच स्मारक उभारले. त्या स्मारकाचे नाव मेमोरियल कप, म्हणजेच स्मृतिचषक. कॅनडातील ज्युनियर आइस हॉकीचे राष्ट्रीय अजिंक्यपद म्हणजे हा चषक. 'आज बर्फावरचा खेळ कशाला काढलात,' असे अध्यक्षांनी मला मघाशी हसत हसत विचारले. उत्तर भाषणाच्या ओघात मिळेल, असे मी त्यांना सांगितले आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बर्फाचे बंदिस्त मैदान, पायांत धारदार पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूऐवजी रबराची कडक, चपटी चकती. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. वेग इतका की खेळाडू मिनिटभरात दमून बाहेर येतो आणि दुसरा आत उडी घेतो. आपल्याकडे लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ अनेक वर्षे चालू आहे आणि २०२५ साली भारताच्या महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, हे येथे आवर्जून नमूद करतो. परंतु आजचा विषय कॅनडाचा आहे.

ओंटारियो प्रांतात किंग्स्टन नावाचे एक जुने लष्करी गाव आहे. तेथील कॅप्टन जेम्स सदरलँड हे हॉकीचे संघटक आणि महायुद्धात गणवेश चढवलेले गृहस्थ. स्मृतिचषकाच्या कल्पनेचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्याच गावचे दोन खेळाडू युद्धात गेले होते. एक ॲलन डेव्हिडसन, ज्यांना सारे 'स्कॉटी' म्हणत. १९१४ साली टोरोंटोच्या ज्या व्यावसायिक संघाने स्टॅनली चषक जिंकला, त्याचे ते कर्णधार होते. चषक हाती आल्यानंतर वर्ष-सव्वा वर्षात, जून १९१५ मध्ये, फ्रान्सच्या रणभूमीवर त्यांना मरण आले. दुसरे जॉर्ज रिचर्डसन, फेब्रुवारी १९१६ मध्ये बेल्जियममध्ये कामी आले. असे कितीतरी होते. या खेळाडूंच्या स्मरणार्थ ओंटारियो हॉकी असोसिएशनने १९१९ साली चषक दिला, आणि तो मोठ्या व्यावसायिक संघांना न देता मुलांच्या स्पर्धेला दिला. मला यातले मर्म येथेच दिसते. जे परत आले नाहीत ते वयाने या मुलांपेक्षा फार मोठे नव्हते.

पहिली अंतिम लढत १९१९ च्या मार्च महिन्यात टोरोंटो येथे झाली. एका बाजूला टोरोंटो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या शाळेचा संघ, तर दुसऱ्या बाजूला दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून आलेला सस्कॅचवान प्रांतातील रेजायना गावचा संघ. या संघाचे नाव 'रेजायना पॅट्रिशियाज', कॅनडाच्या एका नामांकित पायदळ पलटणीच्या नावावरून घेतलेले. लढत मात्र अगदीच एकतर्फी झाली. दोन सामन्यांत मिळून शाळेच्या मुलांनी २९ गोल केले आणि पाहुण्यांनी ८. पण रेजायनाच्या संघाने नाव सोडले नाही. आज शंभर वर्षे उलटून गेल्यावरही तो संघ 'पॅट्स' या नावाने खेळतो.

पुढे स्पर्धेचे स्वरूप बदलत गेले. १९७२ पासून तीन प्रादेशिक लीगचे विजेते एकत्र खेळू लागले आणि १९८३ पासून यजमान गावाचा चौथा संघ त्यात आला. २०१० साली हा चषक केवळ पहिल्या महायुद्धातील नव्हे, तर देशासाठी प्राण दिलेल्या सर्वच कॅनेडियन सैनिकांच्या स्मृतीस पुन्हा अर्पण करण्यात आला. एखाद्या समाजाने नव्वद वर्षांनंतर आपले स्मरण झटकून स्वच्छ करावे, त्याचा परीघ वाढवावा, ही गोष्ट साधी नाही. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत कबड्डीचे, खो-खोचे, कुस्तीचे चषक दिले जातात. त्यांवर कुणाची नावे असतात, हे आपण सारे जाणतो. आमदारांचे वाढदिवस असतात. असो.

आता मुलांविषयी. या स्पर्धेत सोळा ते वीस वर्षांची मुले खेळतात. संघ पसरलेले, देश अफाट, हंगामात साठहून अधिक सामने आणि सारा प्रवास बसने. सोळाव्या वर्षी निवड झाली की मुलगा घर सोडतो आणि शेकडो किलोमीटर दूरच्या गावात राहायला जातो. कुठे? वसतिगृहात नव्हे, तर गावातील एखाद्या कुटुंबात. त्या कुटुंबाला 'बिलेट' कुटुंब म्हणतात. बिलेट हा शब्दही लष्करातलाच. नागरिकांच्या घरी सैनिकाची राहण्याची सोय करण्याचा जो हुकूम असे, त्याला हा शब्द होता. त्या घरची बाई या परक्या मुलाला जेवू घालते, त्याला शाळेत पाठवते, सामना हरून रात्री दोनला बस परतली तर दिवा लावून जागी असते. येथे बसलेल्या कित्येक माउलींना हे वर्णन ओळखीचे वाटेल. प्रचारकांचे, विस्तारकांचे ताट ज्या घरांत न सांगता वाढले जाते, त्या घरांना बिलेट कुटुंब म्हणजे काय हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

याच विश्वासावर सारा डोलारा उभा आहे, आणि आता मी जे सांगणार आहे ते या विश्वासाविषयीच आहे.

स्विफ्ट करंट हे सस्कॅचवान प्रांतातील एक छोटेसे गाव, वस्ती पंधरा-सोळा हजारांची. गहू, गुरे आणि दूरवर सपाट क्षितिज. गावाचा ब्रॉन्कोज नावाचा संघ १९७४ साली दुसऱ्या शहरात गेला होता. गावाने १९८६ साली तो परत आणला. तो कुणा धनिकाच्या मालकीचा नव्हे, गावाच्याच मालकीचा संघ. पहिलाच हंगाम. ३० डिसेंबर १९८६ रोजी संघाची बस सामन्यासाठी रेजायनाकडे निघाली, त्याच पॅट्सविरुद्ध खेळायला. गाव सोडताच बर्फाळ रस्त्यावर बस घसरली आणि उलटली. मागच्या बाजूला पत्ते खेळत बसलेली चार मुले जागीच गेली. उरलेल्यांनी काही दिवसांनी पुन्हा बूट चढवले. गणवेशावर चार पाकळ्यांचे एक चिन्ह आले, प्रत्येक पाकळीत एकेका मित्राचा क्रमांक.

अडीच वर्षांनी, मे १९८९ मध्ये, ब्रॉन्कोज स्मृतिचषकाच्या अंतिम फेरीत पोहोचले. सामना सास्काटून येथे, यजमान संघाविरुद्ध. निर्धारित वेळेत बरोबरी. जादा वेळेत टिम टिस्डेल याने गोल केला आणि ४–३ असा विजय मिळाला. अपघातातून वाचलेली काही मुले त्या संघात होती. शोकातून उठून उभ्या राहिलेल्या गावाची ही कथा कॅनडाभर पुढे कित्येक वर्षे सांगितली गेली. मला कुणी १९९० साली या विषयावर बोलायला बोलावले असते, तर मीही येथेच थांबलो असतो आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

परंतु कथा तेथे संपली नाही. अपघातग्रस्त बसमध्ये असलेला आणि १९८९ चा चषक जिंकलेला शेल्डन केनेडी नावाचा खेळाडू पुढे व्यावसायिक हॉकीत गेला. १९९६ साली त्याने पोलिसांकडे तक्रार केली. चौदा वर्षांचा असल्यापासून संघाचा प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स आपले लैंगिक शोषण करीत होता, अशी ती तक्रार होती. जेम्स म्हणजे ब्रॉन्कोजला चषक जिंकून देणारा, गावाने डोक्यावर घेतलेला प्रशिक्षक. जानेवारी १९९७ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. दोन खेळाडूंवर मिळून सुमारे साडेतीनशे वेळा अत्याचार. शिक्षा झाली साडेतीन वर्षांची. पुढे आणखीही खेळाडू बोलू लागले.

हा विषय व्याख्यानमालेत काढावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. सभागृहात भगिनी आहेत, कुमारवयीन मुलेही आहेत. तरीही बोलतो आहे, कारण त्या गावात वाईट माणसांचा भरणा नव्हता. ती आपल्यासारखीच माणसे होती. संघ आपला, प्रशिक्षक आपला, मुले आपली, आणि आपल्या माणसाविषयी संशय घेणे म्हणजे त्या चार मुलांच्या स्मृतीचा अवमान, अशी त्यांची मनोधारणा झाली असेल तर मला त्यात नवल वाटत नाही. स्मरण जितके पवित्र, तितके त्याच्या आडोशाला लपणे सोपे. परक्यांवर पाळत ठेवायला आपण तत्पर असतो. आपल्या माणसाविषयी एखादे मूल अडखळत काही सांगू लागले, तर 'असे बोलू नये, ते किती मोठे आहेत ठाऊक आहे ना?' हे वाक्य आपल्या ओठांवर आधी येते. मुलगा असेल तर त्याचे काय होणार आहे, असाही एक खुळा समज आपल्या समाजात आहे. केनेडी मुलगाच होता.

आपण वसतिगृहे चालवतो, संस्कारवर्ग घेतो, उन्हाळ्यात निवासी शिबिरे भरवतो. दुर्गम पाड्यांवरची मुले पालक आपल्या हाती सोपवून निर्धास्त परततात. त्या पालकांना ना आपला पत्ता नीट ठाऊक, ना दूरध्वनी क्रमांक. आपल्या शब्दाखेरीज त्यांच्याजवळ काही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा प्रकाराची माहिती असूनही ती न कळवणे हा गुन्हा आहे. हे संस्थेच्या प्रत्येक व्यवस्थापकाला ठाऊक आहे का? रात्री मुलांच्या खोलीवर एकट्या माणसाने जाऊ नये, असा लेखी नियम किती ठिकाणी आहे? मुलाला तक्रार करायची असेल तर ती त्याच माणसाच्या मार्फत करावी लागते की बाहेरच्या कुणाकडे जाता येते? मी हे प्रश्न दोन-तीन ठिकाणी विचारले, तेव्हा काहींना ते आवडले नाहीत. 'आपल्याकडे असे होत नाही,' असे उत्तर मिळाले. एका ठिकाणी मात्र व्यवस्थापकांनी वही काढून नियम लिहून घेतले आणि पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवले. ते स्वतः निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका भगिनीला मी ही हकिकत ओझरती सांगितली होती. त्यांनी विचारले, 'त्या मुलाचे पुढे काय झाले हो?' त्यांचे उत्तर देऊन थांबतो. तो अमेरिका आणि कॅनडातील व्यावसायिक संघांकडून तीनशेहून अधिक सामने खेळला. दारू आणि अमली पदार्थ यांच्या विळख्यात तो बरीच वर्षे अडकला होता, हे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. १९९८ साली त्याने चाकांचे बूट पायांत घातले आणि अटलांटिकच्या किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत सारा कॅनडा स्केटिंग करीत पार केला. वाटेत जमलेला निधी मुलांवरील अत्याचार रोखण्याच्या कामासाठी रेड क्रॉसला दिला. २००४ साली त्याने प्रशिक्षक, शिक्षक, पालक यांना या विषयाचे शिक्षण देणारी संस्था सहकाऱ्यासह उभी केली. कॅनडात मुलांना हॉकी शिकवू इच्छिणाऱ्या हजारो प्रशिक्षकांनी आजवर तिचा अभ्यासक्रम पुरा केला आहे.