ट्रॅक्टरच्या मीटरवरचा आकडा काय सांगतो?



डिसेंबरअखेर आपल्या नाशिक जिल्ह्यात उन्हाळ कांद्याच्या लावणीची घाई असते. रोप सात-आठ आठवड्यांचं झालेलं असतं, लावणीची टोळी ठरलेली असते, आणि नेमका रोटाव्हेटर चालू असताना मीटरवर पिवळा दिवा लागतो. ट्रॅक्टर ओढेनासा होतो. मीटरवर दोन आकडे दिसतात. अशा वेळी काय करावं, ते आज सांगणार आहे.

हे आकडे येतात कुठून?

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराविषयीचे ट्रेम-४ नियम लागू झाले. त्यामुळे अशा ट्रॅक्टरांत डिझेलचा पुरवठा आता ईसीयू नावाची संगणक-पेटी सांभाळते. तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, डिझेलचा दाब या गोष्टी सेन्सर मोजतात आणि पेटीला कळवतात. मोजमाप मर्यादेबाहेर गेलं की पेटी दिवा लावते, आकडा नोंदवते आणि इंजिन वाचवण्यासाठी काही वेळा त्याची ताकदही कमी करते. द्राक्षबागेतल्या जुन्या लहान ट्रॅक्टरांना बहुधा ही सोय नसते.

आकडा कसा वाचावा?

पहिला आकडा एसपीएन. तो बिघाड कुठे आहे ते सांगतो. दुसरा एफएमआय. तो बिघाड कशा प्रकारचा आहे ते सांगतो. जे-१९३९ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत ट्रक आणि हार्वेस्टरलाही वापरतात. नेहमी लागणारे काही आकडे असे:

एसपीएन १०० – इंजिन तेलाचा दाब
एसपीएन ११० – इंजिनाच्या पाण्याची (कूलंटची) उष्णता
एसपीएन ९७ – डिझेलमध्ये पाणी
एसपीएन १५७ – कॉमन रेलमधला डिझेलचा दाब
एसपीएन १६८ – बॅटरीचा व्होल्टेज

एफएमआय ० – मोजमाप धोक्याइतकं वाढलं
एफएमआय १ – मोजमाप धोक्याइतकं घटलं
एफएमआय ३ किंवा ४ – सेन्सरकडून येणारा व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त किंवा कमी
एफएमआय ५ – विजेची जोडणी तुटलेली
एफएमआय १८ – मोजमाप मध्यम प्रमाणात कमी

आता फरक बघा. ११० आणि ० आलं, तर पाणी खरोखर तापलं आहे. रेडिएटरच्या जाळीत भुसा किंवा पाचट अडकलं का, कूलंट कमी झालं का, पंख्याचा पट्टा सैल आहे का, ते बघायचं. पण ११० आणि ३ आलं, तर पाणी थंडही असू शकतं. दोष सेन्सरच्या वायरीत किंवा सॉकेटमध्ये असण्याचा संभव जास्त. पहिला आकडा तोच, पण काम अगदी वेगळं. म्हणून दोन्ही आकडे लिहून घ्या. काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात. तेव्हा ट्रॅक्टरबरोबर आलेली पुस्तिका जपून ठेवा.

एक अनुभव

निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरवर १५७ आणि १८ आलं. मेस्त्री म्हणाला, पंप गेला. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. नव्या पंपाचा खर्च ऐकून घरात बोलणं बंद झालं. पैशाची जुळवाजुळव करण्यात दोन दिवस गेले, तोवर लावणीची टोळी दुसऱ्याच्या वावरात गेली. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून डिझेल फिल्टरखालचा नळ सोडला, तर आधी पाणीच आलं! डिझेल उघड्या पिंपात साठवलेलं होतं. फिल्टर बदलला, हवा काढली, ट्रॅक्टर चालू झाला. पंप चांगलाच होता. रोप मात्र जून झालं.

चूक कुठे झाली? आकडा म्हणत होता, दाब कमी आहे. पंप गेला, असं तो म्हणालाच नव्हता. ते आम्ही ठरवलं. ताप आला हे थर्मामीटर सांगतं. ताप कशाने आला हे शोधावं लागतं. तसंच हे आहे.

दिवा लागला तर काय कराल?

१. लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. तेलाच्या दाबाचा इशारा असेल तर तास पुरा करण्याचाही मोह धरू नका.
२. पिवळा दिवा असेल तर भार कमी करा, काम आटोपतं घ्या आणि लवकर तपासणी करा.
३. दोन्ही आकडे, तारीख, तास-मीटरचा आकडा आणि त्या वेळी चालू असलेलं काम वहीत लिहा.
४. इंजिन बंद व थंड झाल्यावर सोप्या गोष्टी आधी बघा: तेल, कूलंट, फिल्टरमधलं पाणी, एअर फिल्टर, बॅटरीची टोकं, सैल सॉकेट, उंदरांनी कुरतडलेली वायर.
५. एवढ्याने दोष सापडला नाही, तर स्कॅनर असलेल्या जाणकार मेस्त्रीला बोलवा. भाग बदलण्याआधी विचारा, "हाच भाग गेला, हे कशावरून?"

हे करू नका

आकडा पुसण्यासाठी बॅटरी काढू नका. दोष तसाच राहतो आणि मेस्त्रीच्या हातचा पुरावा जातो. ईसीयू आणि सॉकेटवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची जोडणी सोडा. ईसीयूबाबत पुस्तिकेतली सूचनाही पाळा. आणि इंजिन चालू असताना डिझेलची जाड नळी कधीही सैल करू नका. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार दाब असतो. या नळीत तो हजार बारच्या वर जातो. त्या दाबाने उडालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं. तसं झालं तर जखम लहान दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

बंधू-भगिनींनो, हंगामापूर्वी फिल्टर बदला, डिझेल झाकून ठेवा आणि ट्रॅक्टरच्या पेटीत एक वही व पेन्सिल ठेवा. मीटरवरचा आकडा घाबरण्यासाठी नाही, आणि पुसून टाकण्यासाठीही नाही. तो आधी वाचा, मग खिशात हात घाला.

नमस्कार.