नकार तपासणारा कुणी नव्हता



ब्राउझरमधून बँकेचं पान उघडलं की पत्त्याच्या पट्टीत तुम्ही निदान काहीतरी पाहू शकता. पण ऑनलाइन दुकानामागचा प्रोग्राम पेमेंट गेटवेशी परस्पर बोलतो, तुमच्या फोनमधलं ॲप त्याच्या सर्व्हरशी बोलतं, तेव्हा मध्ये बघणारं माणूसच नसतं. पलीकडे खरंच तोच सर्व्हर आहे ना, हे ठरवायचं काम प्रोग्रामर एखाद्या तयार लायब्ररीवर सोपवतो. अशीच एक लायब्ररी म्हणजे लिबकर्ल. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग आणि त्यांचे सहकारी ती सांभाळतात, सगळ्यांना मोफत देतात, आणि ती जगभरच्या असंख्य यंत्रांत बसलेली आहे.

सर्व्हर आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. हे प्रमाणपत्र विश्वासार्ह संस्थेनं दिलंय का? आणि ते याच सर्व्हरच्या नावाचं आहे का? दुसरा प्रश्न गाळला तर काय होतं ते डमी परीक्षार्थी पकडणाऱ्या पर्यवेक्षकाला विचारा. हॉल तिकीट खरं, बोर्डाचा शिक्का खरा, पण बाकावर बसलेला मुलगा भलताच! इंटरनेटवर तर स्वतःच्या नावाचं खरं प्रमाणपत्र कुणीही रीतसर मिळवू शकतो. ते घेऊन तो तुमच्या आणि बँकेच्या मध्ये बसला, तर पहिल्या प्रश्नात सहज पास होतो.

लिबकर्लमध्ये या दोन प्रश्नांसाठी दोन वेगळी सेटिंग्ज होती. पहिलं साधं: चालू किंवा बंद. दुसऱ्याला मात्र तीन किमती होत्या. 0 म्हणजे नाव बघू नका. 2 म्हणजे नाव जुळलंच पाहिजे. काहीच लिहिलं नाही तर हीच किंमत लागू असे. आणि 1 म्हणजे प्रमाणपत्रावर नाव आहे एवढं बघा, कुणाचं का असेना.

इथेच घोडं पेंड खात होतं. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिणारा प्रोग्रामर काळजीनं ठरवायचा की दोन्ही तपासण्या चालू ठेवू, आणि दोन्हीकडे 'ट्रू' लिहायचा. पीएचपी त्या 'ट्रू'चा करायची 1. म्हणजे ज्यानं काहीच लिहिलं नाही तो सुरक्षित, आणि ज्यानं आवर्जून सुरक्षेची ओळ लिहिली त्याची नावाची तपासणी बंद! कुठे इशारा नाही, कुठे एरर नाही. ऑर्डर जायची, पैसे जमा व्हायचे.

2012 मध्ये ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ आणि स्टॅनफर्ड इथल्या सहा संशोधकांनी हे उघडं केलं. ब्राउझर सोडून इतर प्रोग्राम प्रमाणपत्रं कशी तपासतात, हे त्यांनी स्वतः मध्ये बसून, खोटी आणि परक्या नावाची प्रमाणपत्रं पुढे करून पाहिलं. निबंधाला नाव दिलं 'जगातला सर्वांत धोकादायक कोड'. ॲमेझॉनच्या पेमेंट सेवेच्या पीएचपी लायब्ररीत त्यांना हाच 'ट्रू' सापडला. पैशांचे व्यवहार करणाऱ्या इतर सॉफ्टवेअरमध्येही तपासणीची अशीच दैना होती, कारणं निरनिराळी.

दोष कुणाचा? माहितीपत्रकात तिन्ही किमतींचे अर्थ लिहिलेले होते, हे खरं आहे. तरीही मी प्रोग्रामरला दोषी धरायला तयार नाही. हो-नाही वाटणाऱ्या प्रश्नाला तीन उत्तरं ठेवायची, आणि त्यातलं सर्वांत स्वाभाविक उत्तर धोक्याचं ठेवायचं, ही रचनेची चूक आहे. लिबकर्लनं ती मनावर घेतली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या 7.28.1 आवृत्तीत 1 ही किंमत नाकारली जाऊ लागली: 2019 पर्यंत एरर यायची आणि आधीची सेटिंग तशीच राहायची.

अशा चुका एकट्या लिबकर्लच्याच नव्हत्या. 2014 च्या फेब्रुवारीत ॲपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. तिथे 'गोटू फेल' ही एक ओळ चुकून दोनदा पडली होती. त्यामुळे प्रमाणपत्र दाखवणाऱ्याकडे त्याची गुप्त किल्ली आहे का, हे पाहणारी पायरीच ओलांडली जायची, आणि निकाल यायचा 'सगळं ठीक'. लगेच मार्चमध्ये जीएनयूटीएलएस या लायब्ररीतली चूक बाहेर आली. तपासताना अडचण आली की एक फंक्शन उणे आकडा परत करायचं. विचारणारं फंक्शन शून्य नसलेली कोणतीही संख्या म्हणजे 'हो' असं धरायचं. तपासता आलं नाही, याचा अर्थ झाला 'तपासलं, बरोबर आहे'.

या तिन्ही चुका टिकल्या, कारण खऱ्या सर्व्हरशी सगळं सुरळीत चालत होतं. आपण चाचणी घेतो ती काम होतंय का याची. इथे तपासायला हवा होता नकार. आपल्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या प्रोग्रामपुढे तीन प्रमाणपत्रं ठेवा: मुदत संपलेलं, परक्या नावाचं आणि स्वतःच सही केलेलं. तिन्ही वेळा जोडणी तुटली पाहिजे. एकदा जरी जुळली, तरी ते सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती देऊ नका. आणि चाचणीच्या सर्व्हरवर एरर येते म्हणून तपासणी बंद करणारी ओळ लिहू नका. डेडलाइनच्या घाईत ती तशीच पुढे जाते. त्या सर्व्हरचं प्रमाणपत्र ज्या अंतर्गत संस्थेनं दिलंय, तिचं स्वतःचं प्रमाणपत्र आपल्या विश्वासाच्या यादीत घाला. एरर जाईल आणि तपासणी चालूच राहील.